सुखदेव, तुझं पॅकिंग मी पाहिलं होतं

सुखदेव, तुझ्या पुण्यानुमोदनाला चौदा माणसं बोलली आणि चौदाही जणांनी तू भोळा होतास असं सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. माझं नाव पुकारलं तेव्हा मी रुमाल तोंडाला लावून नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, टेकचंदचा गळा दाटून आला. गळाबिळा काही दाटला नव्हता. मी दात आवळून बसलो होतो, कारण आदल्या दिवशीच तुझ्या पोरीने मला सगळं सांगितलं होतं. तोंड उघडलं असतं तर पंचशील घेऊन बसलेल्या मंडळींसमोर, बाबासाहेबांच्या फोटोसमोर, मी तुला खणखणीत शिवी दिली असती.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी मात्र आज त्याच कामाला बसलो आहे. चहा घेतला आहे, चष्मा पुसला आहे आणि गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मला बरं वाटतंय. सूड ही चीज तब्येतीला फार चांगली असते.

अडचण एकच आहे. तुमच्यात आत्मा मानत नाहीत. हे तू मला तीस वर्षांत शंभर वेळा समजावलंस, दर वेळी नव्याने, जणू मी पहिल्यांदाच ऐकतोय. आमच्या पवारांच्या घरातला माणूस मेला तरी पितृपक्षात जेवायला येतो, तेव्हा पानावर वाढता वाढता त्याला दोन शब्द सुनावता येतात. तू तीही सोय ठेवली नाहीस. भांडण अर्धं सोडून गेलास ते गेलास, वर पत्ताही ठेवला नाहीस. म्हणून हे लिहून काढतो. तू वाचणार नाहीस, पण आपलं गोंदियाजवळचं गोरेगाव वाचेल, आणि तुला खरी भीती गोरेगावचीच होती.

आपल्याला न ओळखणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. तू राईस मिलमधला फिटर, मी बसस्टँडजवळचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. गिरणीचं बेअरिंग तापलंय का हे पाहायला तू जन्मात कधी मीटर लावलं नाहीस. हाताची मागची बाजू बेअरिंगच्या घरावर टेकवायचास आणि मनात आकडे मोजायचास. पाचपर्यंत हात टिकला तर गिरणी चालू. दोनलाच उचलावा लागला तर गिरणी बंद, मग बाहेर धानाच्या ट्रॅक्टरांची कितीही लांब रांग असो. मालकही त्या हातापुढे बोलत नसे. तुझ्या त्या हाताचा तालुक्यात असा दरारा होता की लोक जुनी मोटरसायकल विकत घेण्याआधी तुझ्याकडे आणायचे आणि तू इंजिनावर हात ठेवून गंभीरपणे मान हलवायचास. निम्म्या वेळा तुला त्यातलं काहीच कळत नसे. हे आज पहिल्यांदा जाहीर करतो. सुडाची सुरुवात झाली.

प्रज्ञा इंजिनिअरिंगला नागपूरला गेली आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ मागे राहिला. पोरीची आठवण येते म्हणून तू तो उघडलास. आठ दिवसांनी माझ्या दुकानात येऊन विचारलंस की वळणावर गाडी उलटते, काय करावं. मी तुला दाखवायला बसलो आणि दुकानाचं शटर उघडं ठेवून दोघं दोन तास खेळलो. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं, एकाला बीपी, दुसऱ्याला गुडघा, आणि दोघंही कान लाल करून एकमेकांच्या गाडीला ठोकतायत. वहिनी म्हणाल्या होत्या, दारू बरी, निदान माणूस झोपतो तरी.

जुन्या यंत्रावर खेळ अडकायला लागला तेव्हा नवी दोन बांधायची ठरली. तुझ्या घरी जागा म्हणशील तर वहिनींनी शिलाई मशीनशेजारी जेमतेम मशीनच्या झाकणाएवढी दिली होती. शिवाय यंत्र मोटरसायकलवर मांडीत घेऊन एकमेकांच्या घरी न्यायचं होतं. म्हणून छोटंच कॅबिनेट हवं होतं. नागपूरहून आपण दोघांसाठी सगळं सारखं आणलं. तेच कॅबिनेट, तोच मदरबोर्ड, तोच प्रोसेसर, जणू जुळी पोरं. हेतू असा, की पुढे कोणी हरला तर त्याने यंत्रावर ढकलू नये.

फक्त कूलर राहिला होता. येताना कोहमाऱ्याला बस बदलायची होती. आपण ढाब्यावर बसलो, खोकी बाकावर चढवली आणि तिथे ते भांडण सुरू झालं, जे माझ्या बाजूने अजून चालू आहे.

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जोरात पळवायचा, हे मी तुला समजावायला लागलो. तू मधेच हात वर केलास. म्हणालास, पुली बदलायची म्हणजे. पुली बदलली की धान भरडायचा हालर जोरात पळतो, आणि बेअरिंग तापतं. मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना हे समजावतोय, इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नाही. तेव्हा तुझं कौतुक वाटलं होतं. ते मी आता परत घेतो.

तर तापणाऱ्या प्रोसेसरला थंड कसं ठेवायचं. उंच टॉवरसारखा कूलर सगळ्यात चांगला, पण तू खिशातून व्हर्नियर काढून ढाब्याच्या टेबलावरच कॅबिनेट मोजलंस आणि आत सत्तर मिलिमीटरच्या वर काही मावत नाही असा निकाल दिलास. क्षणभर तू असंही म्हणालास की साईड पॅनलला भोक पाडू, पत्रा कापायची कात्री घरी आहे. मी तुझ्या हातातून व्हर्नियर काढून घेतलं.

राहिले दोन पर्याय. एक बसका, चपटा कूलर, वर पंखा आणि खाली धातूच्या पातळ पट्ट्या. दुसरा पाण्याचा, म्हणजे प्रोसेसरवर छोटा पंप, तिथून दोन नळ्या, आणि कॅबिनेटच्या भिंतीला रेडिएटर. मी पाण्याच्या बाजूने होतो. माझं म्हणणं, एवढ्याशा डब्यात चपटा कूलर तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसेल. पाणी उष्णता उचलतं, भिंतीपर्यंत नेतं आणि बाहेर टाकतं. तुझं म्हणणं, फिरणारी वस्तू जेवढी जास्त तेवढं दुखणं जास्त, आणि पंप ही आणखी एक फिरणारी वस्तू. शिवाय गोरेगावच्या हवेत कोंड्याची धूळ उडते, ती रेडिएटरच्या बारीक जाळीत जाऊन बसेल. चपटा कूलर रंगाच्या ब्रशने साफ होतो. आणि वीज जिथे आहे तिथे पाणी कायले न्यायचं, हा तुझा शेवटचा मुद्दा. ढाबेवाला ऐकत उभा होता. त्याने मला विचारलं की टाकी किती लिटरची आहे. तू एवढा हसलास की गोंदियाकडची बस निघून गेली.

दोघंही हटलो नाही. तू तुझा मागवायचा, मी माझा, आणि मे महिन्यात, ऐन उन्हात, मनोहरच्या चहाच्या टपरीवर दोन्ही यंत्रं लावायची असं ठरलं. जो हरेल त्याने आठवडी बाजाराच्या दिवशी, टपरीवर सगळ्यांदेखत, जिंकणारा सांगेल ते वाक्य उभं राहून बोलायचं. एकच वाक्य. पैसा नाही, पार्टी नाही. तुला ठाऊक होतं की मी बोलण्यावर जगणारा माणूस आहे. दुसऱ्याचं वाक्य माझ्या तोंडात घालणं म्हणजे माझी नसबंदी.

त्या दिवशीचं तुला सांगायला नको, पण मला सांगायचंच आहे. मनोहरच्या टपरीचा पत्रा असा तापला होता की वर बसलेला कावळा पाय बदलत होता. दोन यंत्रं, दोन पडदे, दोन्हींवर सारखाच भार टाकून अर्धा तास पळवली. माझ्या पडद्यावर चौऱ्याऐंशी अंश. तुझ्या पडद्यावर शंभर. मी उठून उभा राहिलो, हात पसरले आणि भाषण सुरू करणार तेवढ्यात तू म्हणालास, थांब, हात लावून पाहू.

आधी माझ्या रेडिएटरवर हात ठेवलास. एक, दोन, आणि झटकन उचललास. मग तुझ्या कूलरच्या पट्ट्यांवर ठेवलास. पाच झाले, दहा झाले, वीस झाले. तिसावर तू तोच हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने चहा प्यायलास.

टपरीवर सगळी गिरणीचीच माणसं. माझ्या पडद्यावरचे आकडे मी बोटाने दाखवले. कोणीतरी म्हणालं, पडदा तुयाच दुकानचा हाये. मी ओरडून सांगितलं की पट्ट्या थंड आहेत हाच पुरावा आहे, उष्णता खाली प्रोसेसरमध्येच कोंडली आहे, ती कूलरपर्यंत पोचतच नाही, उघडून पाहा. तू उघडू दिलं नाहीस. फिटरच्या सवयीप्रमाणे तू कॅबिनेटच्या चारही स्क्रूंवर लाल रंगाचा ठिपका मारला होतास, अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर, म्हणजे कोणी हात लावला तर ठिपका तुटेल. गिरणीत असं रंगवलेलं नट फिटरशिवाय कोणी खोलत नाही, आणि इथे सगळे ते मानणारे होते. शेवटी मनोहरने निकाल दिला.

"मिटर खोटं बोलते, टेकूभाऊ. हात कायले बोलन?"

बाजाराच्या दिवशी मी उभा राहिलो आणि तू दिलेलं वाक्य बोललो: माझ्या डोक्यापेक्षा सुखदेवचा हात शहाणा. भजी तळणाऱ्या बाईने झारा थांबवून ऐकलं. पुढचे दोन महिने माझ्याकडे दुरुस्तीला यंत्र घेऊन येणारा प्रत्येक माणूस आधी तुझ्या तब्येतीची चौकशी करायचा.

आता माझा सूड ऐक. तो तू पुरा ऐकलेला नाहीस असं मला सात महिने वाटत होतं.

पोळ्याच्या दिवशी तू मिलवर होतास. वहिनींनी मला बोलावलं, तुमच्या त्या डब्याचा पंखा विमानासारखा ओरडतोय म्हणाल्या. मी गेलो. घरात कोणी पाहणारं नव्हतं, वहिनी स्वयंपाकघरात. लाल ठिपक्यांचे चार स्क्रू मी काढले. कूलर उचलला. आणि सुखदेव, मला जे दिसलं ते पाहून मी तिथे जमिनीवर बसून तोंडावर हात दाबून हसलो.

तू पॅकिंग लावलं होतंस.

तीस वर्षं तू लोखंडाची दोन तोंडं एकमेकांवर बसवत आलास आणि दर वेळी मधे पॅकिंगचा कागद कापून घातलास, नाहीतर तेल गळतं, नाहीतर धातू धातूला खातो. प्रोसेसर आणि कूलर ही तुला धातूची दोन तोंडं दिसली. तू मापाने, व्हर्नियर लावून, चारही कोपरे गोल करून, कागदाचं सुंदर पॅकिंग कापलं होतंस. दोन्ही बाजूंना ग्रीसही लावलं होतंस. एवढं नेटकं काम होतं की मी ते उचलून उजेडात धरून पाहिलं. प्रोसेसरवर कागदाचं पांघरूण. आत तो बिचारा भाजून निघत होता, जळायला नको म्हणून स्वतःच स्वतःचा वेग कमी करत होता, आणि वर तुझा कूलर थंडगार, हात ठेवून चहा प्यायला मोकळा.

तेव्हाच मिलवर येऊन मी तुला सांगायला हवं होतं. मी काय केलं? पॅकिंग जिथलं तिथे ठेवलं. कूलर बसवला. चार स्क्रू लावले. वहिनींना सांगितलं, धूळ होती, झटकली.

कारण मला तुझं यंत्र अर्ध्या शर्यतीत दमायला हवं होतं. पहिली दहा मिनिटं तू माझ्या पुढे असायचास, मग तुझी गाडी अडखळायला लागायची आणि मी वळणावर तुला मागे टाकायचो. त्या मे महिन्याचं वाक्य मी रोज थोडं थोडं वसूल करत होतो. हरल्यावर तू आधी रस्त्याला दोष द्यायचास. मग डोळ्यांना. चष्मा लावलास. आणि मग एका संध्याकाळी, मी जिंकून अंगठे नाचवत असताना, तू उजवा हात माझ्यासमोर उताणा धरलास. आधी हाताकडे पाहिलंस, मग माझ्याकडे.

"टेकू, माहा हात गेला का गा?"

मी त्या हाताकडे नीट पाहिलं आणि म्हणालो, "वय झालं, सुखदेव."

हे वाक्य तू मला दिलेलं नव्हतं. हे माझं स्वतःचं होतं.

त्यानंतर तू मिलवर तापमान मोजायची ती बंदूक आणलीस. लाल ठिपका पडतो आणि आकडा दिसतो ती. लोक म्हणायला लागले, सुखदेवचा आता हातावर भरवसा राहिला नाही. मला चार दिवस जेवण गेलं नाही. एकदा तर मी सांगायचं ठरवून तुझ्या घरी आलो. दारातच तू म्हणालास, ये, आज पुन्हा हरव मले. आणि मी बसलो. हरवलं. चांगलं चार गाड्यांच्या अंतराने हरवलं आणि घरी येताना अर्ध्या वाटेपर्यंत गुणगुणत होतो. माणूस किती हलका असतो ते मला त्या रस्त्यावर कळलं, आणि कळूनही मी गुणगुणणं थांबवलं नाही.

मग तू गेलास तो मंगळवार आला. त्याबद्दल चौदा जण बोलले आहेत.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो ते सांत्वनाला नाही. ते पॅकिंग कोणाच्या नजरेला पडण्याआधी काढायला गेलो होतो. तू गेलास आणि तुझं यंत्र प्रज्ञा उघडणार, इंजिनिअर पोरगी, तिला एका क्षणात समजणार की हे कागदाचं प्रकरण आहे. मग ती विचारणार की काका, तुम्ही रोज शेजारी बसत होता, तुम्हाला कसं दिसलं नाही. वहिनींना ती धुळीची गोष्ट आठवणार. माझी सगळी भीती एवढीच होती. मित्र गेल्याच्या बाराव्या दिवशी मी मनात घोकत होतो ते पकडलो गेलो तर द्यायचं उत्तर.

प्रज्ञा खोलीतच बसली होती. मी म्हणालो, यंत्र एकदा पाहून घेतो. ती म्हणाली, पाहा ना काका, आणि स्वतः स्क्रू ड्रायव्हर आणून माझ्या हातात दिला. मग समोर मांडी घालून बसली. डोळे सुजलेले, आणि ओठ असे दाबलेले की मला वाटलं आता रडेल. मी कूलर उचलला.

पॅकिंग नव्हतं. प्रोसेसर पुसून लख्ख केलेला, वर उष्णता कूलरपर्यंत पोचवणाऱ्या थर्मल पेस्टचा पातळ, एकसारखा थर. माझ्याच दुकानात काम शिकलेल्या माणसाने लावावा तसा.

प्रज्ञा रडत नव्हती. हसू दाबत होती, आणि आता ते सुटलं, आणि मग त्यातच ती रडलीही.

तिने सांगितलं ते असं. पोळ्याच्या दिवशी घरी आलास आणि लाल ठिपके तुटलेले पाहिलेस. मी चारही स्क्रू लावले होते, पण याचा त्याला, त्याचा याला. वहिनींनी धुळीचं सांगितलं. तू विचार केलास, की टेकूने खोललं, काहीतरी पाहिलं, आणि बोलला नाही. म्हणजे काय पाहिलं असेल? तू खोललंस, तुला काही चुकीचं दिसेना. मग व्हिडिओ कॉलवर पोरीला दाखवलंस. ती ओरडली की पपा, हा कागद कसला. तू तिला पॅकिंगचं महत्त्व पाच मिनिटं समजावून सांगितलंस आणि मग तिने तुला समजावलं. ती म्हणते, तू इतका हसलास की खोकल्याने वहिनी धावत आल्या.

तू त्याच दिवशी पॅकिंग काढलंस. पंख्याचा आवाज कमी झाला, तो मलाही ऐकू आला होता, पण मला वाटलं मी खरंच धूळ झटकली असेल. स्वतःच्या थापेवर विश्वास ठेवणारा माणूस तुला शेजारी मिळाला होता. तुझी गाडी अडखळायची थांबली तेही मला दिसलं नाही, कारण मी स्वतःच्या पडद्यावरून नजर काढत नव्हतो. तू मुद्दाम वळणं चुकवत होतास. ती बंदूकही मिलसाठी नव्हती. ती आणली होतीस आपल्या दोघांचे कूलर चोरून मोजायला. मी लघवीला गेलो की तू माझ्या रेडिएटरवर लाल ठिपका मारायचास. चष्मा मात्र खरा होता, असं प्रज्ञा म्हणाली.

आणि तो हात. माहा हात गेला का गा. ते तू आरशासमोर करून पाहिलं होतंस. वहिनींना दाखवलं होतंस. वहिनी म्हणाल्या होत्या, एवढं नको, तो रडेल. तू म्हणालास, रडला त बोलन. मी रडलो नाही. मी म्हणालो, वय झालं.

प्रज्ञाने दोन्ही यंत्रं शेजारी लावली. माझं मी धावत जाऊन घेऊन आलो, कारण अजून एक आशा होती, की निदान मूळ भांडणात, पाणी की हवा, त्यात तरी मी बरोबर असेन. सारखा भार, सारखा वेळ. तुझा एकोणऐंशी. माझा शहाऐंशी. माझ्या रेडिएटरची जाळी उघडून पाहिली तर आत कोंड्याच्या धुळीचा नमद्यासारखा घट्ट थर बसला होता, ब्रश जात नाही अशा जागी. जेवढी निघाली तेवढी काढून पुन्हा लावलं. ब्याऐंशी. तू कोहमाऱ्याच्या ढाब्यावर बोललास तसंच, शब्दाला शब्द.

म्हणजे पोळ्यापासून तुझ्याकडे सगळं होतं. माझी चोरी होती आणि माझी हारही होती. एका बाजारात मला उभं करून तू मला दोन वाक्यं बोलायला लावली असतीस आणि मी जन्मभर कॉम्प्युटरचं नाव काढलं नसतं. तू काही बोलला नाहीस. प्रज्ञाने विचारलं होतं की पपा, सांगून का टाकत नाही. तू म्हणालास, त्याले बोलू दे. मे महिन्यापर्यंत नाई बोलला त मी बोलतो.

मे यायला तुला थोडे आठवडे कमी पडले.

गेल्या बाजाराच्या दिवशी मी दोन्ही यंत्रं मोटरसायकलवर घालून मनोहरच्या टपरीवर गेलो. तुझ्या जाण्याने तुझं वाक्य बुडालं, माझं तर बुडालं नव्हतं. गर्दी चांगली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा तयारी न करता उभा राहिलो. हात पसरले नाहीत, आवाज चढवला नाही. सांगितलं की सुखदेवने पॅकिंग लावलं होतं, ते मी पाहिलं, ठेवून दिलं, आणि त्याच्यावर रोज जिंकलो. त्याचा हात गेलेला नव्हता. तो मी घालवला, असं मला वाटत होतं. आणि पॅकिंग काढल्यावर त्याचा कूलर माझ्यापेक्षा तीन अंश थंड निघाला, ही यंत्रं आणली आहेत, कोणाला पाहायचं असेल तर पाहा.

कोणी पाहायला उठलं नाही. कोणी हसलंही नाही. मनोहरने चहा गाळता गाळता मान न उचलता विचारलं,

"एवढंच ना? सात महिने लावले गा, टेकूभाऊ."

सगळ्यांना मालूम होतं, सुखदेव. मनोहरला, हमालांना, भजीवाल्या बाईला. तुझा हातावर भरवसा राहिला नाही म्हणणारेही त्यातलेच. तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं होतंस आणि ताकीद दिली होतीस की कोणी त्याला टोकायचं नाही, टेकू आपणहून बोलेल. सात महिने बाजाराच्या दिवशी मी टपरीवर आलो की मला बाकावर मधली जागा मिळायची. मी "एक सांगतो" म्हटलं की सगळ्यांचे कप ओठाजवळ थांबायचे. मला वाटायचं, काय माझी गोष्ट सांगण्याची ताकद आहे. ते सगळे ती एक गोष्ट यायची वाट पाहत होते. आणि मी त्यांना माझ्या चुलत्याच्या रेड्याची गोष्ट सांगत होतो. मनोहर म्हणाला, अशा वेळी तू कपात पाहत बसायचास, आणि मी दुसऱ्याच गोष्टीवर गेलो की हळूच म्हणायचास, पुढच्या बाजारी.

आता मला सांग, सूड कोणाचा मोठा झाला? माझा सूड कागदाच्या एका तुकड्याएवढा. तू तर अख्ख्या गावाला कामाला लावलंस. मी तुला माफ करणार नाही. प्रज्ञा विचारते आहे की काका, तुमच्या यंत्राला आता कोणता कूलर लावायचा. पाण्याच्या बाजूने बोलायला लागलो की तुझे मुद्दे मलाच आठवतात, तुझ्या आवाजात, आणि मला ते खोडता येत नाहीत. आजवर मी हरलो तरी समोर कोणीतरी होतं. आता मी एकटा बसून हरतो.

हे लिहिताना एक वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. वाक्य असं होतं की सुखदेव, तू मेपर्यंत थांबला असतास तर मी बोललोच असतो. खोटं आहे. मी बोललो नसतो. मेमध्येही रेड्याचीच गोष्ट सांगितली असती. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, आणि तरी तू दर बाजारी माझ्यासाठी मधली जागा धरून बसत होतास. याचा सूड कसा उगवायचा, ते मला येत नाही.